उरलेले तेरा दात: काढून टाकावेत की वाचवावेत?

कातरवेळ
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझं वय ५८. तोंडात आज १३ दात उरले आहेत. वरचे ५, तेही सगळे हलणारे. खालचे ८, म्हणजे पुढचे सहा आणि दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ. हे आठ घट्ट आहेत, पण झिजून निम्मे झालेत. मागे दाढ एकही नाही. दर दोन-तीन वर्षांनी एक दाढ दुखायची, रूट कॅनाल व्हायचं, कॅप बसायची, मग कधीतरी कॅपसकट तुटायची आणि काढावी लागायची. असं करत करत इथवर आले.

गेल्या महिन्यात दोन ठिकाणी दाखवलं. पहिले म्हणाले, सगळे १३ काढू, वर चार आणि खाली चार इम्प्लांट (हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू, त्यांच्यावर दात बसतात) घालू, त्याच दिवशी पक्के दात घेऊन घरी जा. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, खालच्या आठांना हात लावायची घाई नको, आधी हिरड्यांचे उपचार करू, आणि सगळं पूर्ण व्हायला वर्षाच्या वर लागेल. पहिल्यांची तारीखही घेऊन ठेवली होती, पण पाऊल पुढे पडेना. घट्ट असलेला दात काढायचा, हे मनाला पटत नाही. आणि आणखी वर्षभर असंच तोंड घेऊन राहायचं, हेही सहन होत नाही. मी हसताना तोंडावर हात नेते. फोटोत ओठ मिटलेले. परवा नात म्हणाली, आजी, तू हळूहळू का बोलतेस?

ज्यांनी पूर्ण तोंडाचं काम करून घेतलंय त्यांनी कृपया लिहा. काय विचारायला हवं होतं आणि राहून गेलं? खर्चाचे आकडे नकोत, ते माझं मी बघेन.

पारिजात
वडिलांचं सांगते. त्यांचे सगळे दात गेले तेव्हा ते साठीचे होते. वरची आणि खालची अशी पूर्ण कवळी केली. वरची पहिल्या महिन्यातच अंगवळणी पडली. खालची मात्र अकरा वर्षं कधीच नीट बसली नाही. बोलताना उचलली जायची, घास चावताना सरकायची, खाली बारीक कण गेला की डोळ्यांत पाणी. शेवटी जेवायच्या वेळी ते ती काढून ठेवायचे. दात बाजूला ठेवून बाबा जेवत आहेत, हे बघताना फार वाईट वाटायचं.

नंतर एका डॉक्टरांनी समजावलं की वरची कवळी टाळूभर पसरते, मध्ये लाळेचा पातळ थर राहतो आणि ती चिकटून बसते. खाली टाळू नाही. घोड्याच्या नालासारखी अरुंद पट्टी, मध्ये सतत हलणारी जीभ, बाजूला गालाचे स्नायू. ती टिकणार कशावर? मग खाली पुढच्या भागात फक्त दोन इम्प्लांट घातले आणि त्यांच्यावर कवळी टिचबटणासारखी बसते. काढता येते, धुता येते, पण जेवताना हलत नाही. बाबा ७३ व्या वर्षी पुन्हा सगळ्यांबरोबर पानावर बसले.

तेव्हा ‘सगळं पक्कं’ किंवा ‘साधी कवळी’ एवढे दोनच पर्याय समजू नका. मधलाही रस्ता आहे.

बंडूनाना
मी १४ वर्षं दोन्ही कवळ्या वापरतो. मजेत आहे.

जुनाडॉक्टर
कृत्रिम दातांच्या कामात ३४ वर्षं घालवली, आता निवृत्त आहे. तोंड न बघता निदान करत नाही आणि करूही नये. पण कातरवेळताई, तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट मला दिसली नाही. दात गेले कशामुळे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन्ही ठिकाणी ते विचारलं का?

दात किडून गेले, हिरड्यांच्या आजाराने हाड खचून हलले, रात्री दात खाण्याने झिजले, की पोटातलं आम्ल वर येऊन विरघळले? या चार वेगवेगळ्या वाटा आहेत. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू गुळगुळीत, खोलगट झाली असेल तर आम्लाचा संशय येतो. वरखालचे दात एकमेकांवर ठेवले की झिजलेल्या सपाट जागा तंतोतंत जुळत असतील, तर दात घासले जातात. बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतं. कारण तसंच राहिलं तर नव्या दातांचीही तीच गत होते. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण ज्या जबड्याने खरे दात निम्मे केले, तो पोर्सेलिनही फोडतो. खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक नाजूक आवरण असतं, त्यातून दाब कळतो आणि आपण आपोआप आवरतं घेतो. इम्प्लांट थेट हाडात रुजतो, तिथे ते आवरण नाही. जोर जास्त झाला तरी लवकर उमगत नाही.

दुसरी गोष्ट हाडाची. दाताचं मूळ असतं तोवर भोवतालचं हाड टिकतं. दात काढला की ते आटायला लागतं, आणि पहिल्या वर्षात सगळ्यात वेगाने. पूर्ण कवळी वापरणाऱ्यांवर २५ वर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास १९७२ मध्ये आला. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा साधारण चौपट दिसली. म्हणून खालचा घट्ट दात काढताना माझा हात नेहमी थांबायचा.

रानवारा
डॉक्टरांचा मान राखून थोडं वेगळं मत मांडतो.

मी दहा वर्षं ‘वाचवू, वाचवू’ करत काढली. रूट कॅनाल, पोस्ट (मुळात बसवायची दांडी), कॅप, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारावर बसवलेले दात), मग ब्रिजचा खांब झालेला दात तुटला, मग आणखी लांब ब्रिज. दर सहा महिन्यांनी खुर्चीत. शेवटी ४९ व्या वर्षी उरलेले सगळे काढले आणि वर सहा, खाली चार इम्प्लांटवर पक्के दात घेतले. आज सहा वर्षं झाली. आधीच केलं असतं तर बरं, असं मला मनापासून वाटतं. कधीकधी वाचवण्याच्या नादात माणूस खचतो, त्याची नोंद कुठल्याच एक्स-रेवर होत नाही.

पण ‘त्याच दिवशी पक्के दात’ याबद्दल नक्की विचारा. मला मिळालेले दात अ‍ॅक्रिलिकचे, तात्पुरते होते. शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांट हाडात रुजायला काही महिने लागतात. तेवढे दिवस मऊच खायचं, कारण सुरुवातीला इम्प्लांट हलला तर तो रुजतच नाही. खरे शेवटचे दात सहा महिन्यांनी आले. हे मला कुणीही आधी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एक तात्पुरता दात तुटला तेव्हा सगळं फसलं असं वाटून मी रात्रभर जागा होतो. तो तुटणं फार मोठी गोष्ट नव्हती, पण आधी कुणी एक वाक्य बोललं असतं तर ती रात्र वाचली असती.

शब्दवेडा
आपल्या भाषेत दात काढणे म्हणजे खदखदून हसणेही आणि उपटणेही. ताईंना पहिल्या अर्थाने लवकर दात काढता येवोत!

आता माझी खरी शंका. मी शाळेत शिकवतो, दिवसभर बोलणं हेच काम. वरचे सगळे दात बदलले तर उच्चार बिघडतात का? मलाही याच वाटेने जायचं आहे.

कातरवेळ
शब्दवेडा, तथास्तु म्हणा :)

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रश्न वाचून गप्प झाले. पंधरा वर्षं ॲसिडिटी आहे. रात्री घशाशी आंबट येतं, गोळी घेऊन झोपते. आणि यजमान म्हणतात की झोपेत माझे दात करकर वाजतात. मी हे दोन्ही ठिकाणी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. त्याचा दातांशी संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

स्वरा
शब्दवेडा, मी वाचिक अभिनय शिकवते. माझी स्वतःची वरची पूर्ण कवळी आहे, त्यामुळे हे दोन्हीकडून माहीत आहे.

होय, सुरुवातीला बिघडतात, आणि त्यातले बहुतेक सुधारतात. फ आणि व साठी वरच्या दातांची धार खालच्या ओठाला हलकी टेकते. दात पुढेमागे बसवले गेले तर हे दोन उच्चार लगेच चुगली करतात. स साठी जीभ आणि पुढचे दात यांच्यातून हवेची बारीक धार जावी लागते. टाळूवर कवळीचा थर आला की ती वाट बदलते, मग शिट्टी वाजते किंवा स चा श होतो.

मराठीला आणखी एक परीक्षा आहे. आपले च दोन. ‘चित्र’मधला च टाळूजवळचा, ‘चोर’मधला दातांमागचा. ज आणि झ चंही तसंच: ‘जीव’ आणि ‘जोर’, ‘झेंडा’ आणि ‘झोप’. दातांमागचे उच्चार नव्या कवळीत अडखळतात. मी रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचायचे आणि या जोड्या मुद्दाम घोळवायचे. जीभ हुशार असते, तीन-चार आठवड्यांत तिने नवी जागा शोधली. सहा आठवड्यांनंतरही शिट्टी गेली नाही तर सराव पुरे, डॉक्टरांकडे जा. तेव्हा दोष बहुधा दातांच्या जागेत किंवा जाडीत असतो.

लॅबवाला
स्वराताईंनी नेमकं सांगितलं. मी कवळ्या आणि कॅपा बनवतो, २१ वर्षं मेण, प्लास्टर आणि झिरकोनियात हात आहेत. पेशंट मला दिसत नाहीत, त्यांचे जबडे दिसतात, तेही प्लास्टरचे. म्हणून इथे लिहायला मिळतंय याचा आनंद आहे.

कवळी पक्की करण्याआधी दात मेणात लावून पेशंटच्या तोंडात बघतात. त्याला आम्ही ट्रायल म्हणतो. ही पायरी कधीही गडबडीत उरकू देऊ नका. मेणात दात हलवायला मला पाच मिनिटं लागतात. पक्कं झाल्यावर तोच बदल म्हणजे जवळजवळ नवं काम. ट्रायलच्या वेळी आरशात फक्त हसून बघू नका. उभ्याने, बोलत, बाजूने बघा. घरचं एक माणूस बरोबर न्या. एकसष्ट ते सत्तर मोठ्याने मोजा. सहासष्ट, सदुसष्ट म्हणताना वरखालचे दात एकमेकांच्या अगदी जवळ यायला हवेत, पण आपटायला नकोत. आपटले तर चाव्याची उंची जास्त झाली.

ही उंची म्हणजे या सगळ्या कामाचा कणा. दाढा गेल्या आणि पुढचे झिजले की जबडा जास्तच मिटतो. हनुवटी नाकाकडे येते, ओठ आत जातात, तोंडाचे कोपरे ओले राहून चिरतात. ती उंची परत द्यायची असते, पण बेतानं. तोंड सैल सोडलं की वरखालच्या दातांत साधारण २ ते ४ मिलिमीटर मोकळी जागा राहायला हवी. ती खाऊन टाकली की स्नायूंना विसावाच नाही, मग जबडा दुखतो, डोकं दुखतं.

आणि कृपा करून जुना फोटो शोधा. दात दिसणारा, तरुणपणीचा. ‘छान पांढरे करा’ एवढाच निरोप आला की मी सगळे दात सारखे, सरळ आणि एका रंगाचे लावतो, आणि माणूस परका दिसतो. खऱ्या तोंडात सुळा थोडा पिवळसर असतो, कडा अर्धपारदर्शक असतात.

मृगजळ
वाचनखूण साठवली. सगळ्यांचे आभार.

बंडूनाना
वर एका ओळीत लिहिलं, आता सविस्तर लिहितो, कारण धागा वाचताना असं वाटू लागलं की कवळी म्हणजे हार. तसं नाही. माझं हृदयाचं दुखणं आहे, मोठी शस्त्रक्रिया नको असं मी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं. कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच राहतो, हे मान्य. पण लहान घास, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं, पुढच्या दातांनी तोडायचं नाही, एवढं शिकलो आणि जमलं.

पथ्यं सांगतो. रात्री काढून पाण्यात ठेवायची, हिरड्यांना आराम हवा. कोरडी ठेवली तर आकार बिघडतो, उकळत्या पाण्यातही बिघडतो. टूथपेस्टने चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते, म्हणून मऊ ब्रश आणि साधा साबण. सतत घालून ठेवली तर खाली बुरशी होते, टाळू लालबुंद होतो. माझ्या धाकट्या भावाला झाली होती.

आणि कवळी सैल झाली म्हणून चिकटवायच्या पेस्टची ट्यूबच्या ट्यूब संपवू नका. काही पेस्टमध्ये जस्त असतं. ते रोज भरपूर पोटात गेलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि हातापायांना मुंग्या, बधिरपणा येतो. सैल झाली याचा अर्थ खालचं हाड आटलं. आतून नवा थर भरून घ्यायचा, त्याला रिलाईन म्हणतात.

रानवारा
नाना, उत्तम लिहिलंत. कवळी म्हणजे हार असं मला अजिबात म्हणायचं नव्हतं.

चांदणी
एक महत्त्वाची गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. आईला हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वर्षातून एकदा इंजेक्शन दिलं जायचं. एक दाढ काढली, आणि ती जागा चार महिने भरलीच नाही, आतलं हाड उघडं दिसायला लागलं. बिस्फॉस्फोनेट गटातल्या औषधांनी जबड्याचं हाड बरं व्हायची प्रक्रिया मंदावते. हाडांच्या ठिसूळपणासाठी मिळणाऱ्या मात्रेत धोका कमी असतो, कर्करोगासाठीच्या मोठ्या मात्रेत बराच जास्त. डेनोसुमॅब या इंजेक्शनचंही तसंच. आईचं शेवटी भरलं, पण वर्ष गेलं. दात काढायला बसली तेव्हा कुठली औषधं चालू आहेत हे विचारलं गेलं, आणि आईने रक्तदाबाची गोळी तेवढी सांगितली. वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन तिच्या लेखी ‘चालू औषध’ नव्हतंच.

तेव्हा यादी लिहून न्या, वर्षापूर्वीच्या इंजेक्शनासकट. आणि घाबरून स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. मधुमेह ताब्यात नसेल किंवा तंबाखू-सिगारेट असेल तर तेही लपवू नका, जखम भरण्याशी आणि इम्प्लांट रुजण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

जुनाडॉक्टर
चांदणी, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. यात भर: मानेला किंवा जबड्याला किरणोपचार झाले असतील तर तेही सांगा. किरणोपचार व्हायचे असतील तर काढायचे दात त्याआधीच काढतात, म्हणजे जखम भरायला वेळ मिळतो.

रानवारा, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. जो दात खरंच टिकणार नाही त्याला वर्षानुवर्षं ओढत राहणं हा उपचार नव्हे. हिरडीच्या वर दाताचा दीड-दोन मिलिमीटरचा भक्कम घेर उरला नसेल तर त्यावरची कॅप फार टिकत नाही. माझं म्हणणं एवढंच की निर्णय दातागणिक घ्यायचा. ‘सगळे काढू’ सोपं असतं, कारण मग एकेका दाताचा विचार करावा लागत नाही.

आणखी एक. सगळ्या २८ जागा भरल्याच पाहिजेत असंही नाही. पुढचे दात आणि उपदाढा मिळून वरखाली २० दात नीट भिडत असतील तर बऱ्याच लोकांचं चावणं व्यवस्थित चालतं, हे १९८० च्या दशकापासून मांडलं गेलंय. जपानने १९८९ मध्ये ८०२० नावाची मोहीम सुरू केली, ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात. तोही आकडा वीसच.

अनवट
लिहू की नको असा विचार करत होते. मी २२ वर्षांची आहे. मला जन्मतःच बहुतेक दात नाहीत. एक्टोडर्मल डिस्प्लेशिया म्हणतात, त्यात केस, घामाच्या ग्रंथी आणि दात नीट तयार होत नाहीत. माझे वर चार दात आले, टोकदार, आणि खाली एकही नाही. तिसऱ्या वर्षी पहिली कवळी मिळाली. जबडा वाढत गेला तशा कवळ्या बदलत गेले, आतापर्यंत सात. शाळेत सहलीला गेले की रात्री कवळी कुठे ठेवायची हाच प्रश्न. पांघरुणाखाली डबी धरून झोपायचे.

सगळे विचारायचे, इम्प्लांट का नाही करत? वाढत्या वयात सहसा करत नाहीत, कारण इम्प्लांट हाडाला चिकटलेला असतो. जबडा वाढतो, बाकीचे दात त्याच्याबरोबर सरकतात आणि इम्प्लांट खालीच राहतो. म्हणून थांबले. आता वाढ थांबली आहे, सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, झाला. पुढे थोडं हाड आहे, मागे फार कमी. हाड भरून मग इम्प्लांट असं ठरतंय.

कातरवेळकाकू, तुम्ही लिहिलंत की हसताना तोंडावर हात जातो. माझाही जातो. एवढंच सांगायचं होतं.

कातरवेळ
बाळ, तुझी पोस्ट तीनदा वाचली. पांघरुणाखालची डबी डोळ्यांसमोरून जात नाही. तुझं काम कधी आहे ते इथे नक्की लिही.

शब्दवेडा
अवांतर, पण राहवत नाही. इम्प्लांट हाडाला चिकटतो हे कळलं कसं, ते वाचलं. स्वीडनमधले ब्रोनमार्क हे हाडांचे डॉक्टर १९५२ मध्ये सशाच्या पायातलं रक्ताभिसरण बघत होते. त्यासाठी टायटॅनियमची छोटी नळी हाडात बसवली. प्रयोग संपल्यावर ती महाग नळी काढून पुन्हा वापरायची होती, तर निघेचना. हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले, आणि ते त्या माणसाला चाळीस वर्षांहून जास्त, मरेपर्यंत पुरले.

लॅबवाला
त्याला जोडून: चार इम्प्लांटवर पूर्ण जबडा उभा करायची पद्धत १९९० च्या दशकात पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी रूढ केली. मागचे दोन इम्प्लांट तिरके घालतात. वर सायनसची पोकळी आणि खाली जबड्यातली नस, दोन्ही चुकवता येतात, आणि बऱ्याचदा वेगळं हाड भरावं लागत नाही. कल्पना सुंदर आहे. पण चारांतला एक निकामी झाला तर तीनवर डोलारा, हेही डॉक्टरांना आधी विचारा: एक गेला तर पुढे काय?

रानवारा
स्वच्छतेचंही विचारा. पक्के दात काढता येत नाहीत, म्हणून ते आणि हिरडी यांच्या फटीतून रोज साफ करावं लागतं. मी दाताच्या फटीचे बारीक ब्रश आणि पाण्याच्या धारेचं यंत्र वापरतो, रात्री दहा मिनिटं. आळस केला की हिरडी सुजते, आणि इम्प्लांटभोवतीचं हाडही जातं, अगदी दाताभोवतीचं जातं तसंच. ज्यांचे दात हिरड्यांच्या आजाराने गेले त्यांना हा धोका जास्त. हात थरथरणाऱ्या किंवा डोळ्यांना कमी दिसणाऱ्या माणसाला काढता येणारी टिचबटणाची कवळी जास्त सोयीची पडेल, हे मला आता पटतं.

कातरवेळ
धागा वर काढते आहे. आठ महिने झाले.

पहिल्या ठिकाणची तारीख तेव्हाच रद्द केली. आधी पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. आम्ल वर येतंय हे तपासणीत नक्की झालं, औषध बदललं, रात्रीचं जेवण लवकर, उशाकडून पलंग उंच. घशाशी येणं बरंच थांबलंय. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे सगळी यादी लिहून नेली. त्या म्हणाल्या, हे पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं, माझं चुकलं. त्या एका वाक्याने माझा विश्वास बसला.

वरचे पाचही काढावे लागले, त्यांच्याभोवती हाड उरलंच नव्हतं. त्याच दिवशी आधी तयार केलेली तात्पुरती कवळी बसवली, त्यामुळे बोळकं घेऊन एक दिवसही राहिले नाही. तिसऱ्या महिन्यात ती सैल झाली. नानांची पोस्ट आठवली, पेस्ट न आणता रिलाईन करून घेतली.

खालच्या आठांपैकी सात वाचलेत. उजवी उपदाढ मुळाशी चिरलेली निघाली, गेली. त्या दिवशी खूप रडले. बाकी सातांवर कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) चढवून उंची वाढवली आहे, मागे काढता येणारे दात. ही उंची तीन महिने वापरून बघा, जबडा दुखतो का, बोलता येतं का, ते बघून मगच पक्क्या कॅपा, असं डॉक्टर म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात कानापाशी दुखलं, त्यांनी थोडं घासून कमी केलं, थांबलं. हेच एकदम पक्क्या दातांत झालं असतं तर? वर आता इम्प्लांट घालायचे आहेत, किती ते पुढच्या महिन्यात स्कॅन बघून ठरेल.

स्वराताई, सदुसष्ट स्वच्छ येतं. ‘झोप’ अजून थोडं घसरतं. नातीला रोज गोष्ट वाचून दाखवते.

अनवट
काकू, माझं हाड भरून झालं. खालचे इम्प्लांट येत्या गुरुवारी.

कातरवेळ
गुरुवारी सकाळी तुझी आठवण काढत बसेन. संध्याकाळी एक ओळ लिही, आणि ते नाही जमलं तर आईला लिहायला सांग.

लॅबवाले दादा, जुना फोटो सापडला. २४ वर्षांची असतानाचा, मोठ्याने हसतेय. त्यात वरचा डावा पुढचा दात शेजारच्यावर किंचित चढलेला आहे. तेव्हा मला तो मुळीच आवडायचा नाही. आता वरचे दात तसेच हवेत, तो तिरका दात धरून. असं करता येतं का?

लॅबवाला
येतं. ट्रायलच्या दिवशी फोटो बरोबर न्या आणि तो दात मेणातच चढवून घ्या. जितका वाटतो त्याहून थोडा कमी चढवायला सांगा, तोंडात तो जास्तच दिसतो. आणि फोटोची एक प्रत लॅबसाठी द्या.